सगळं ठीक चाललंय, पण कशासाठी ते कळत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. वय 34, नोकरी बरी, घरात कटकट नाही, तब्येत चांगली. तरी सुट्टी संपत आली की पोटात खड्डा पडतो आणि वाटतं, हे सगळं चाललंय कशासाठी? तुम्ही व्हिडिओ पाहिलेत, चाचण्या दिल्यात, वहीत याद्या केल्यात. ‘तुमची पॅशन शोधा’ असं जो तो सांगतो, पण शोधायची कुठे ते कुणी सांगत नाही. मित्रांना त्यांची वाट सापडलेली दिसते आणि आपणच मागे राहिलो असं वाटतं. आता उशीर झाला का, असंही तुम्ही विचारलंय. आणि मध्येच कंसात एक वाक्य टाकलंय, की भाच्याचं गणित घ्यायला बसलो की तास कसा जातो कळत नाही. त्या कंसाकडे मी नंतर येते.

मी बरीच वर्षं समुपदेशन करते आहे. हा प्रश्न घेऊन येणारी माणसं विशीतली असतात, तशी साठीतलीही असतात. उत्तराकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती राहून गेली तर पुढचं सगळं वाया जाईल. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतलाही रस गेलाय का? झोप उडालीय किंवा खूप वाढलीय का? भूक बदललीय का? आपण कुचकामी आहोत असं सारखं वाटतं का? हे सगळं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळपास रोज होत असेल, तर हा नैराश्याचा आजार असू शकतो. नैराश्यात माणसाला कशातच अर्थ दिसत नाही, समोर कितीही चांगला पर्याय ठेवा. अशा वेळी ध्येय शोधत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगूच नये असे विचार येत असतील तर आजच कुणाशी तरी बोलावं आणि मदत घ्यावी. उपचारांनी रस परत आला की ‘कशासाठी जगायचं’ हा प्रश्न कित्येकांच्या बाबतीत आपोआप लहान होतो. तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला नैराश्य असेल असं मला वाटत नाही. त्या गणिताच्या तासाला तुम्ही अजून रमता. पण खात्री तुमची तुम्हीच करून घ्या.

आता मुख्य मुद्दा. ‘शोधा’ म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की प्रत्येकाचं ध्येय कुठेतरी आधीपासून तयार पडलेलं आहे, ते एकदा दिसलं की ओळख पटेल आणि पुढचा रस्ता सोपा होईल. माझ्याकडे येणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक सोपा, रंजक व्हिडिओ दाखवला. तो बघून विद्यार्थी भारावले. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. ‘आवड ही जन्मजात, ठरलेली असते’ असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त घसरला. ‘आवड हळूहळू तयार होते’ असं मानणारे त्या मानानं टिकले. याचं कारण मला रोज समोर दिसतं. ज्याला वाटतं की खरी आवड सहज वाहते, त्याला पहिली अडचण आली की तो म्हणतो, “अरेच्चा, म्हणजे हे माझं नव्हतंच.” आणि उठून पुढच्या गोष्टीकडे जातो. पाच-सहा वर्षं असं केलं की एक ना धड, भाराभर चिंध्या होतात आणि माणूस समजतो की आपल्यातच काही कमी आहे.

चार्ल्स डार्विनचं उदाहरण मी वारंवार देते, कारण त्यात हे सगळं दिसतं. त्याला 1825 मध्ये, सोळाव्या वर्षी, डॉक्टर व्हायला एडिनबरोला पाठवलं. भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला बघवल्या नाहीत आणि ते शिक्षण सुटलं. मग वडिलांनी धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला घातलं. तिथे अभ्यासापेक्षा त्याचं लक्ष भुंगेऱ्यांत. एकदा झाडाची जुनी साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे मिळाले, ते त्यानं एकेका हातात धरले. तेवढ्यात तिसरा, वेगळाच दिसला. तो निसटू नये म्हणून उजव्या हातातला त्यानं सरळ तोंडात टाकला. भुंगेऱ्यानं तिखट, जळजळीत द्रव सोडला, जीभ पोळली, तो थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

आता त्या क्षणी त्याला कुणी विचारलं असतं, “तुझ्या जीवनाचं ध्येय काय?” तर तो काय सांगणार होता? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडे होतं ते अनावर लक्ष. मग 1831 मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जायची संधी आली. वडिलांचा विरोध होता, मामा जोसाया वेजवूडनी त्यांची समजूत काढली म्हणून जाता आलं. पाच वर्षं तो प्रवास चालला. आणि ज्या सिद्धांतासाठी जग त्याला ओळखतं, त्याचं पुस्तक 1859 मध्ये, म्हणजे तो 50 वर्षांचा असताना आलं. मधल्या काळात, 1846 ते 1854, अशी आठ वर्षं तो बार्नॅकल नावाच्या, खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या छोट्या जिवांचा अभ्यास करत होता. त्यांचा आपल्याला भयंकर तिटकारा आलाय, असंही त्यानं एका पत्रात लिहिलंय. तरी काम सोडलं नाही.

लक्ष, मग संधी, मग दीर्घकाळ कंटाळा सहन करत केलेलं काम, आणि या सगळ्यातून उशिरा स्पष्ट झालेली दिशा. मी ज्यांना मार्गी लागताना पाहिलं, त्यांच्याही बाबतीत क्रम साधारण असाच होता. सिद्धांत मांडणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण क्रम तोच.

म्हणून मी लोकांना सांगते, विचार करून उत्तर काढायचा हट्ट काही काळ बाजूला ठेवा आणि तुमचं लक्ष आधीपासून कुठे जातंय ते बघा. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण जे आपल्याला सहज जमतं ते आपल्या नजरेत भरत नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. हिशेब खात्यात काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. पहिलंच वाक्य, “मला काहीच आवडत नाही.” मी त्यांना गेला आठवडा तासातासानं सांगायला लावला. सोमवार, मंगळवार एकसुरी आवाजात झाले. बुधवारी त्यांच्याकडे नव्यानं लागलेल्या एका मुलीनं नोंद चुकीच्या बाजूला टाकली होती आणि ओरडा बसेल या भीतीनं ती रडवेली झाली होती. या बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर दोन रकाने आखले आणि पैसा कुठून येतो, कुठे जातो ते तिला बाण काढून दाखवलं. हे सांगता सांगता त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्याच वहीत ते दोन रकाने पुन्हा आखायला लागल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, “हे काय सांगत बसले मी! मुद्द्याचं राहिलंच.”

मुद्द्याचं तेच होतं. पण त्यावरून ‘तुम्ही शिक्षिका व्हा’ असं मी म्हटलं नाही. खूण सापडणं आणि निष्कर्ष काढणं यात बराच रस्ता असतो. त्यांनी आधी नव्या लोकांना कामाला लावण्याची जबाबदारी मागून घेतली. त्यात त्यांना कळलं की वीस जणांसमोर उभं राहून शिकवायला त्यांना अजिबात आवडत नाही. आकड्यांना घाबरणारा एक माणूस समोर हवा, त्याची भीती जाताना बघायची, यात त्यांचा जीव रमतो. पुढे त्या सुट्टीच्या दिवशी छोटे धंदे करणाऱ्या बायकांना एकेकीला बसवून जमाखर्च समजावून द्यायला लागल्या. नोकरी तीच आहे. हे बारकावे त्यांना कुठलीही चाचणी सांगू शकली नसती. ते करून बघितल्यावरच कळले.

आता तुमच्या कंसाकडे येते. भाच्याच्या गणितात नक्की काय आवडतं, हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही. गणित? शिकवणं? तो विशिष्ट मुलगा? की दिवसभरातला तो एकच तास जेव्हा तुमच्या असण्यानं कुणाला तरी प्रत्यक्ष फरक पडतो? या चार वेगळ्या खुणा आहेत आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा लक्ष ठेवा की तुमचा चेहरा नेमका कधी उजळतो, उत्तर बरोबर आल्यावर, की त्याला चूक कुठे झाली ते त्याचं त्याला सापडल्यावर. उलट बाजूही बघा. कशाचा राग येतो? ज्या ढिसाळपणाकडे इतर जण दुर्लक्ष करतात आणि तुम्हाला मात्र राहवत नाही, तीसुद्धा खूणच असते, आणि माझ्या मते आवडीपेक्षा जास्त भरवशाची. आवड आपल्याला कशी दिसेल याचा विचार करून आपण सजवतो, राग सजवून येत नाही.

इथे एक कसोटी सांगते, जी मी सगळ्यात जास्त वापरते. प्रत्येक कामाला एक रटाळ भाग असतो. डॉक्टरला नोंदी ठेवाव्या लागतात, गायकाला तेच स्वर वर्षानुवर्षं घोटावे लागतात, समाजकार्य करणाऱ्याला निधीसाठी अर्ज भरावे लागतात. ‘मला काय आवडतं’ यापेक्षा ‘कुठला रटाळपणा मी तक्रार करत का होईना, पण करीन’ हा प्रश्न जास्त उजेड पाडतो. नोकरी सोडून लेखक व्हायचं ठरवून एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याला विचारलं, “लेखक झालास, आता सकाळचे नऊ वाजलेत, काय करतोयस?” त्यानं प्रकाशन समारंभाचं वर्णन केलं, मुखपृष्ठाचा रंगही सांगितला. पान कुठेच आलं नाही. दुरून डोंगर साजरे, तशातला प्रकार. आम्ही ठरवलं की राजीनामा लांबवायचा आणि काही आठवडे रोज सकाळी पाऊण तास लिहायचं. पान पुढे सरकेना. पण त्याच काळात एका मित्राची कादंबरी तो रात्री जागून तपासत होता, परिच्छेद उचलून पुढे-मागे करत होता, एकेका शब्दासाठी भांडत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज तो संपादनाचं काम करतो. लिखाणाभोवतीच त्याचं आयुष्य आहे, फक्त ज्या खुर्चीची त्यानं कल्पना केली होती ती खुर्ची वेगळी निघाली.

मोबाईलवर फिरणारं ते चार वर्तुळांचं चित्र तुम्हीही पाहिलं असेल: जे आवडतं, जे जमतं, ज्याची जगाला गरज आहे आणि ज्याचे पैसे मिळतात, आणि मधोमध ‘इकिगाई’, म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते, अशा अर्थाचा जपानी शब्द. ते चित्र म्हणजे प्राचीन जपानी ज्ञान नाही. चार वर्तुळं आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाच्या आकृतीतली, आणि तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ हे नाव मार्क विन या ब्रिटिश माणसानं 2014 मध्ये एका लेखात बसवलं. जपानमध्ये या विषयावर मूलगामी लिहिलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, 1966 मध्ये, आणि त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम केलं होतं. ज्यांचं घर, काम, समाजातलं स्थान सगळं हिरावलं गेलं अशा माणसांनाही जगावंसं कशानं वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात पगाराचं वर्तुळ कुठून येणार? हे मुद्दाम सांगते, कारण ते चित्र बघून लोक समजतात की चारही गोष्टी एकाच नोकरीत जुळल्याशिवाय आयुष्य अपुरं आहे. जुळल्या तर उत्तमच. नाही जुळल्या तर पोट एका कामानं भरावं आणि मन दुसऱ्यात लावावं, यात कमीपणा काहीच नाही.

आणि आहे त्याच कामाकडे जरा नीट बघा. मानसशास्त्रज्ञ एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 च्या एका अभ्यासात दाखवलं की लोक आपल्या कामाकडे तीन नजरांनी बघतात: पगारापुरतं, प्रगतीची शिडी म्हणून, किंवा हे माझंच काम आहे म्हणून. त्यात साधारण सारख्याच प्रकारचं काम करणारे 24 कार्यालयीन सहायक होते, आणि तेही या तीन गटांत जवळपास समान विभागले गेले. म्हणजे पदनाम बघून सांगता येत नाही की कोणाला त्यात अर्थ सापडेल. पुढे रेझनेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून 2001 मध्ये जे लिहिलं, ते मला आजही हलवून सोडतं. काही कर्मचारी फरशी पुसून निघून जात. काही जण कोणत्या रुग्णाला दिवसभर कुणी भेटायला आलं नाही हे लक्षात ठेवत आणि त्याच्याकडे पुन्हा चक्कर मारत. रेझनेस्की अशा एका बाईंबद्दल सांगतात, ज्या बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांत भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावत, न जाणो, समोरचं दृश्य बदललं तर मेंदूत काही हललं तर! हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. वरिष्ठांनी सांगितलं नव्हतं.

पण हे वाचून वाईट नोकरीला चिकटून राहा असा अर्थ काढू नका. जिथे अपमान होतो, पिळवणूक होते, तिथे अर्थ शोधत बसण्यापेक्षा बाहेरचा रस्ता शोधावा. तुमची नोकरी तशी दिसत नाही, म्हणून हे सांगितलं.

या सगळ्या उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. लिफाफ्यावर रकाने आखणाऱ्या बाई, मित्राचं हस्तलिखित तपासणारा तरुण, भिंतीवरची चित्रं बदलणाऱ्या बाई, या सगळ्यांचं लक्ष त्या क्षणी स्वतःवर नव्हतं. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी प्रश्नच उलटा फिरवला होता: आयुष्याला अर्थ विचारत बसू नये, आयुष्य आपल्याला रोज काहीतरी विचारत असतं, त्याला आपण उत्तर द्यायचं. त्यांच्या मते अर्थ तीन वाटांनी येतो: आपण जे काम करतो त्यातून, ज्यांच्यावर प्रेम करतो आणि जे अनुभवतो त्यातून, आणि टाळता न येणारं दुःख कसं पेलतो त्यातून. दुसरी वाट आपण फार लवकर विसरतो. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करणारी मुलगी माझ्याकडे येऊन म्हणते, “माझं आयुष्य थांबलंय.” तिची दमणूक खरी आहे, तिला मदत मिळायलाच हवी. पण ती जे करते आहे ते आयुष्याबाहेरचं आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

मित्रांबद्दल थोडं. ज्यांना ‘सापडलंय’ असं तुम्हाला वाटतं, त्यांतल्या काहींना ते आयतं दिलं गेलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये तरुणांचा अभ्यास करताना असा एक गट नोंदवला, की ज्यांची दिशा पक्की आहे, पण ती त्यांनी पर्याय पडताळून ठरवलेली नाही, घरच्यांनी दिली आणि त्यांनी घेतली. अशी माणसं बाहेरून फार स्थिर दिसतात. त्यातली काही चाळिशीत माझ्यासमोर येऊन बसतात. तुम्ही आज ज्या संभ्रमात आहात त्यातून जाणं त्रासदायक आहे, पण ते मागे पडणं नाही. तुमच्यावरही कुणाचं उसनं स्वप्न आहे का, हे मात्र प्रामाणिकपणे बघा. एक साधी परीक्षा: हे केल्याचं कुणालाही कधीच कळणार नसेल, तरी कराल का?

उशिराबद्दल विचारलंत. पॅट्रिक हिल आणि निकोलस ट्युरियानो या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांची 14 वर्षांची माहिती तपासली. ज्यांना आयुष्याला दिशा आहे असं वाटत होतं, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि हा फरक तरुण, मध्यमवयीन, वयस्क अशा सगळ्यांत दिसला. हेतूमुळेच आयुष्य वाढतं असं यावरून सिद्ध होत नाही, पण दिशा अमुक वयाआधी मिळाली तरच उपयोग, असंही काही दिसलं नाही. शिवाय दिशा एकदा ठरली की कायमची, असंही नसतं. मुलं मोठी होतात, जोडीदार जातो, निवृत्ती येते, आणि प्रश्न नव्यानं उभा राहतो.

तर आता करायचं काय? पुढचे तीन-चार आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा: आज कुठे रमलो, आज कशानं चिडलो. प्रसंग लिहा, ‘शिकवणं आवडतं’ असले निष्कर्ष लिहू नका. त्यातून एक खूण वर येईल, ती घेऊन एक छोटी जबाबदारी अंगावर घ्या. तिला दुसरा माणूस जोडलेला हवा, जो तुम्ही गेला नाहीत तर वाट बघेल. तुमच्या बाबतीत मी गणिताला घाबरणाऱ्या आणखी एका मुलापासून सुरुवात करीन, भाचा नसलेल्या, म्हणजे जिव्हाळा वजा केल्यावर काय उरतं ते कळेल. सहा महिने सोडायचं नाही असं आधीच ठरवा, कारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कंटाळा येणारच आहे आणि तेव्हाच सगळ्यात उपयोगी माहिती मिळते. त्या काळात याद्या, चाचण्या, व्हिडिओ बंद. नोकरीला हात लावू नका, कर्ज काढू नका, घरी मोठ्या घोषणा करू नका. सहा महिन्यांनी जमलं नाही असं वाटलं, तर नेमकं काय जमलं नाही ते लिहून काढा आणि दुसरी खूण घ्या. आणि मध्येच कधी वर सांगितलेली नैराश्याची लक्षणं दिसली, तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.